उघड्यावर रात्र काढायची वेळ आली तर : ऊब धरून ठेवणारा आडोसा



या महिन्याचा अभ्यास पाठ बचतीचाच आहे, पण पैशाच्या नाही. अंगातली ऊब कशी वाचवायची, ते आज शिकायचं आहे.

तुम्ही म्हणाल, आम्हाला घर आहे, दार आहे, पेटीत गोधड्या आहेत. आम्हाला कशाला हा पाठ? जरा आठवून पाहा. ज्या आठवड्यात शेतपंपाला रात्रीची लाईट असते, त्या आठवड्यात कांद्याला नि गव्हाला दारं धरायला कोण जातं? घरातला पुरुषमाणूस गावाला गेला असेल तर आपणच जातो. मोटर बंद पडते, पाय चिखलात, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, आणि वर पहाटेचा वारा. किंवा लग्नाहून येताना टेंपो माळावर बंद पडतो. किंवा वारीत यवत-वरवंडच्या मुक्कामी पाऊस गाठतो आणि तंबूत जागा उरत नाही. आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर दरड कोसळली, तीही भर पावसात. अशी वेळ सांगून येत नाही.

आणि आपल्या शिरूर-दौंड भागात काही बायांवर ही वेळ वर्षातले चार-पाच महिने रोजच असते. दिवाळीच्या सुमाराला बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या तळावर नाही तर आपल्या बांधाच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. चार काठ्या, थोडं पाचट, वर ताडपत्री. त्यात नुकती बाळंत झालेली बाई असते, सहा महिन्यांचं पोर असतं. ती आपल्या गटाची सभासद नसते, पण ऊस आपलाच तोडत असते. हा पाठ आपल्यासाठी आहे आणि तिच्यापर्यंत पोचवण्यासाठीही आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या

आडोसा ऊब तयार करत नाही. गोधडीही करत नाही. ऊब तयार करतं ते आपलं अंग, खाल्लेल्या भाकरीतून. आडोशाचं काम एवढंच की ती ऊब वाया जाऊ द्यायची नाही. गटाच्या भाषेत सांगायचं तर कमाई अंगाची, गळती बंद करणं आपल्या हातात.

गळतीच्या जागा पाच आहेत.

१. जमीन. रात्रभर गार भुईवर निजलं की अंगाखालची ऊब जमीन ओढून घेते. वर दोन गोधड्या आणि खाली काहीच नाही, ही सगळ्यात मोठी चूक.

२. वारा. अंगाभोवती गरम झालेली हवा वारा उडवून नेतो आणि गार हवा आणून ठेवतो.

३. ओल. ओलं सुती लुगडं अंगावर वाळतं म्हणजे ते वाळवायला आपल्याच अंगाची ऊब खर्च होते.

४. उघडं आकाश. निरभ्र रात्री गारठा जास्त असतो, हे आपण बघतोच. सकाळी उघड्या गवतावर दव असतं आणि दाट झाडाखाली भुई कोरडी असते. वर काहीतरी छत असलं की आकाशाकडे जाणारी ऊब अडते.

५. उघडं डोकं, कान, मान आणि रिकामं पोट. अंगभर पांघरूण आणि डोकं मोकळं ठेवलं तर तिथूनही ऊब जाते. आणि पोटात काही नसेल तर अंग कमावणार कुठून?

बर्फ पडल्याशिवाय थंडीनं माणूस दगावत नाही, असं कुणी समजू नये. पारा १०-१५ अंशांवर असला तरी भिजलेल्या नि वाऱ्यात बसलेल्या माणसाचं अंग गार पडू शकतं. म्हातारं माणूस, तान्हं बाळ, आजारी नि उपाशी माणूस यांना धोका जास्त.

इनामगावची जुनी घरं काय सांगतात

ही विद्या आपल्या मातीला नवी नाही. घोडनदीच्या काठी आपल्या इनामगावात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. डॉ. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनी ते काम केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात इथं शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभरावर घरांचे अवशेष मिळाले.

भरभराटीच्या काळातली घरं मोठी, चौकोनी. बुटक्या मातीच्या भिंती, वर कुडाचा आडोसा, गवताचं छप्पर. पुढे पाऊसमान घटलं, शेती खालावली, असं ढवळीकरांनी मांडलं आहे. त्या शेवटच्या काळातली घरं म्हणजे लहान गोल झोपड्या. हात आखडला तसं घरही आखडलं.

आपल्याला त्यातून दोन गोष्टी घेता येतात. एक, कुडाला मातीचा गिलावा दिला की वारा अडतो. कोपीच्या बुडाला आपण मातीची वरंब लावतो, तेही त्यासाठीच. दुसरी, जागा लहान असली की माणसांच्या अंगानंच ती गरम होते. मोठ्या तंबूत एकटी बाई कुडकुडते, छोट्या खोपटात तिघी उबेला राहतात.

आता कुणी विचारेल, त्या घरांमधे चुली होत्या, मग आपण ताडपत्रीखाली शेगडी का नाही ठेवायची? फरक छपरात आहे. गवताच्या छपरातून, कुडाच्या फटींतून धूर थोडाफार निघून जातो. प्लास्टिकमधून काहीच जात नाही. कोपीवर पाचटाच्या जागी प्लास्टिक आलं, तेव्हाच चूल कोपीबाहेर जायला हवी होती. ती अजून बऱ्याच ठिकाणी आतच आहे. याबद्दल पुढे सविस्तर बोलू.

आडोसा करायची रीत, पायरीपायरीनं

पहिली पायरी : खरंच उघड्यावर राहायचं का? जवळ वस्ती, देऊळ, शाळा, पत्र्याचं शेड काही असेल आणि रस्ता धोक्याचा नसेल, तर तिथं जा. फोन लागत असेल तर ११२ ला, आजारी माणूस असेल तर १०८ ला लावा. अंधारात रस्ता माहीत नसेल तर मात्र भटकू नका. उजेड आहे तोवरच आडोसा उभा करा.

दुसरी पायरी : जागा. ओढ्यात, नाल्याच्या तळात, नदीच्या पात्रात थांबू नका. गार हवा जड असते, ती खोलगट जागी साचते, आणि पावसाळ्यात पाण्याचा भरवसा नसतो. नुकतंच पाणी दिलेलं रान नको. उसाच्या फडाला चिकटून नको, आपल्या भागात बिबट्या आहे. तो दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे. विजेच्या तारेखाली नको, वाळलेल्या फांदीखाली नको, ट्रॅक्टर-ट्रॉली फिरतात तिथं नको. हिवाळ्यात दाट झाडाखालची जागा चांगली. पण विजा चमकत असतील तर झाडापासून लांब राहा.

तिसरी पायरी : अंथरूण. छपराच्या आधी हे करा. पाचट, कडबा, गव्हाचं काड, वाळला पाला, जे कोरडं मिळेल ते. काठीनं झोडपून घ्या, विंचू-काट्याची भीती असते. थर असा हवा की त्यावर बसून दाबला गेल्यावरही निदान चार बोटं उरला पाहिजे, वीतभर उरला तर उत्तम. पाचट अंगाला कापतं, म्हणून खताच्या रिकाम्या, धुतलेल्या गोण्यांत भरा आणि तोंड बांधा. झाली गादी. काहीच मिळालं नाही तर चपला, पिशव्या, दप्तर, पुठ्ठा, दोरखंडाचं वेटोळं, जे असेल ते बुडाखाली घ्या आणि एकीनं दुसरीला टेकून बसा.

चौथी पायरी : छप्पर. एक ताडपत्री, साधारण ९ बाय १२ फुटांची, आणि वीस-पंचवीस हात दोरी एवढं पुरतं. आधी चिमूटभर धूळ सोडून वारा कुठून येतो ते पाहा. दोन झाडांना, किंवा झाड नि गाडीला, कमरेएवढ्या उंचीवर दोरी ताणून बांधा. ताडपत्रीची एक कड दोरीवरून घ्या. दुसरी कड वाऱ्याच्या बाजूला जमिनीवर उतरवा आणि दगड-मातीनं दाबा. म्हणजे आडोशाची पाठ वाऱ्याकडे, तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला.

ताडपत्रीला भोकं नसतील तर फाडू नका. कोपऱ्यात आतून एक गुळगुळीत खडा ठेवा, वरून कापडासारखी मूठ आवळा आणि खड्याच्या खाली दोरी बांधा. ही खड्याची गाठ सुटत नाही नि ताडपत्री फाटत नाही.

उंची बसल्यावर डोकं वर टेकणार नाही एवढीच ठेवा. दोन्ही बाजूच्या फटी पोत्यानं, पाचटाच्या पेंढ्यांनी बुजवा. तोंडाची बाजू मात्र पूर्ण बंद करायची नाही. आतल्या माणसांना मोकळी हवा लागते, आणि सगळं बंद केलं की श्वासाची वाफ ताडपत्रीला आतून लागून अंगावर ठिबकते. पावसाचे दिवस असतील तर भोवती वीतभर चर काढा.

पाचवी पायरी : अंग. ओलं आधी काढा, लाज बाजूला ठेवा. बायकाच असतील तर गोल करून आडोसा धरा. कोरडं एकच कापड असेल तर ते छाती-पोटाला लागून घाला. डोकं नि कान बांधा. वर्तमानपत्राचे कागद पोलक्यावरून आणि पाठीवर गुंडाळले, वर साडी घेतली, तरी बराच फरक पडतो. पाय एका गोणीत घाला नि गोणीत काड भरा. मेंढपाळांची घोंगडी ओली झाली तरी सुती कापडापेक्षा ऊब देते, म्हणून ती घरात असेल तर कपाटात ठेवू नका, पिशवीत ठेवा. खताची मोठी प्लास्टिक पिशवी असेल तर डोक्याला नि हातांना भोकं पाडून सदऱ्यासारखी घालता येते. लहान मुलांना प्लास्टिक पांघरू नका.

सगळ्यांनी चिकटून बसा, म्हातारं माणूस नि पोरं मधे. गूळ-शेंगदाणे, भाकरी, जे असेल ते झोपायच्या आधी खा. पाणीही प्या.

शेकोटी : बाहेर म्हणजे बाहेरच

बंद जागेत कोळसा, लाकूड, गोवरी जळाली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर निघून गेला, नुसता लाल निखारा उरला, म्हणून शेगडी आत घेतली की हा वायू साचतो. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. माणसाला वाटतं, ऊब लागून झोप आली. त्या झोपेतून तो उठत नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या मरणाच्या बातम्या येतात. तेव्हा ताडपत्रीखाली, कोपीत, बंद टेंपोत शेगडी नको. विझत आलेली तर मुळीच नको. शेगडीजवळ कुणाला अशी गुंगी आली तर लगेच मोकळ्या हवेत बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा.

शेकोटी आडोशापासून निदान सहा-सात हात लांब, वाऱ्याची ठिणगी आडोशाकडे वा उसाकडे जाणार नाही अशा बाजूला करा. भोवतालचं पाचट ओढून काढा. जवळ मातीची पाटी नाही तर पाण्याची घागर ठेवा. शेकोटीजवळ निजू नका, पदर सांभाळा. निजायच्या आधी ती पूर्ण विझवा.

तिचा उपयोग पाणी तापवायला करा. गरम, पण उकळतं नाही, असं पाणी बाटलीत भरून फडक्यात गुंडाळा आणि मोठ्या माणसाच्या छातीशी किंवा काखेत द्या. रानातला कोरडा दगड शेकून, फडक्यात गुंडाळूनही चालतो. नदीतला किंवा ओला दगड आगीजवळ ठेवू नका, तो तडकून उडतो. काहीही अंगाला लावण्याआधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

तान्ह्या बाळाची ऊब : आईच्या कातडीला कातडी

बाळाला शेक द्यायचा नाही, बाळाला आई द्यायची. बाळाला टोपी, मोजे नि लंगोट एवढंच ठेवून, उघडं, उभं, आईच्या दोन्ही स्तनांच्या मधे छातीशी लावा. मान एका बाजूला, नाक-तोंड मोकळं. वरून लुगड्यानं बांधा आणि दोघांवर मिळून गोधडी घ्या. याला कांगारू पद्धत म्हणतात. ती १९७८ साली कोलंबिया देशात बोगोटा शहरात सुरू झाली आणि आता सगळीकडे शिकवली जाते. आई आजारी असेल तर आजी, मावशी, बापही असं धरू शकतो. दर थोड्या वेळानं अंगावर पाजत राहा. धरणारीनं जागं राहावं, झोप आली की दुसरीकडे द्यावं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला उबेत ठेवणं हा त्यातला मोठा भाग होता, त्यासाठी बाळाची उबदार झोळीपिशवीही वापरली. नवजात बाळांचे मृत्यू त्या गावांत निम्म्याहून कमी झाले. आज आशाताई घरभेटीत हेच सांगतात.

बाळ गार पडलंय का, ते हातानं कळतं. हाताच्या पाठीनं बाळाचं पोट नि पाय पाहा.

पोट गरम, पाय गरम : बाळ ठीक आहे.
पोट गरम, पाय गार : ऊब कमी पडतेय, लगेच छातीशी घ्या.
पोटही गार, पायही गार : धोका. बाळ सुस्त होतं, ओढून पीत नाही. छातीशी लावूनच दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा.

मोठ्या माणसाची लक्षणं

आधी थरथर, हात सुन्न, दात वाजणं. इथंच थांबवलं पाहिजे. पुढे जीभ जड होते, माणूस असंबद्ध बोलतो, चालताना झोकांड्या खातो. आणि मग थरथर थांबते. थरथर थांबली म्हणजे बरं वाटलं असं नाही. ऊब संपली म्हणून अंगानं थरथरणं सोडलं, असा त्याचा अर्थ.

तेव्हा त्या माणसाला हळू हाताळा, आडवं करा, ओलं काढा, खाली-वर पांघरूण द्या, छाती नि पोट गरम करा. हातपाय चोळू नका, आगीजवळ धरू नका. पूर्ण शुद्धीत असेल, नीट गिळत असेल तरच गोड, कोमट चहा किंवा गुळाचं पाणी द्या. दारू कधीच देऊ नका. दारूनं अंग गरम वाटतं, पण ऊब उलट बाहेर पडते.

गटाची संकट-पिशवी

एका पिशवीत मावेल एवढंच ठेवायचं :

ताडपत्री एक, दोरी, चार रिकाम्या स्वच्छ गोण्या, एक घोंगडी किंवा पातळ गोधडी, टोपडं-मोजे दोन जोड, टॉर्च, शिट्टी, कोरड्या डबीत काडेपेटी, पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे, आणि नंबरांचा कागद : ११२, १०८, १९२६, आशाताईंचा नंबर.

बाजारात चंदेरी कागदासारखी चादर मिळते. वजन जेमतेम ५०-६० ग्रॅम, घडी मुठीत मावते. ती अंगाची ऊब परत अंगाकडे फिरवते, वारा नि पाऊसही अडवते. पण ती पातळ असते, भुईवर अंथरून काही उपयोग नाही. अंथरूण लागतंच. आगीजवळ ती वितळते, आणि बाळाच्या तोंडावर जाता कामा नये.

बैठकीत करून पाहा

पुढची मासिक बैठक संध्याकाळी ठेवा. मैदानात, शाळेच्या नाही तर देवळाच्या अंगणात. पाच-पाच जणींचे गट करा. एक ताडपत्री, एक दोरी, दोन गोण्या पाचट द्या. अर्ध्या तासात आडोसा उभा झाला पाहिजे. मग एकेकीनं दहा मिनिटं आधी नुसत्या भुईवर आणि मग पाचटाच्या गादीवर बसून बघा. सांगायची गरज पडणार नाही, अंगालाच कळेल.

मग या प्रश्नांवर बोला :

१. आपल्या गावात रात्री रानात एकट्या जाणाऱ्या बाया किती? त्यांच्याकडे काय असतं?

२. आपल्या शिवारात यंदा किती कोप्या आहेत? त्यांत तान्ही बाळं किती, गरोदर बाया किती? आशाताईंना ते माहीत आहे का?

३. गटातल्या ज्या सख्या गोधड्या शिवतात, त्यांना जुन्या लुगड्यांची टोपडी नि बाळाच्या पिशव्या शिवता येतील का? ग्रामसंघानं त्या विकत घेऊन कोप्यांवर द्यायच्या का?

४. कोपीत चूल आत आहे का? ती बाहेर हलवायला आपण काय मदत करू? चुलीवर वेगळं पत्र्याचं छप्पर देता येईल का?

कोपीवर जाल तेव्हा शिकवायला म्हणून जाऊ नका. त्या बाया दर वर्षी स्वतःचं घर स्वतः बांधतात, आपल्याला त्यांच्याकडून दोन गाठी शिकायला मिळतील. आपण दोन गोष्टी मात्र नक्की सांगून यायच्या : चूल बाहेर, आणि बाळ छातीशी. एवढं पोचलं तरी हा पाठ कामी आला.